सॅम्पल फ्लॅटमधली सुकट

मी राहते ते घर सकाळी दहानंतर माझं नसतं. दहाला लोक बघायला येतात. त्याच्या आधी अंथरुणं पलंगाच्या पेटीत, ओले टॉवेल पिशवीत, सासूबाईंच्या गोळ्या ड्रॉवरमध्ये आणि चपला बेसिनखाली गेल्या पाहिजेत. इथं माणसं राहतात हे दिसता कामा नये. मग मी सत्यजीत सरांनी दिलेला क्रीम रंगाचा कुर्ता घालायचा, दारात उभं राहायचं आणि हसायचं.

तर हा सॅम्पल फ्लॅट. पनवेलमध्ये आता कुठंही जा, बिल्डर आधी साइटवरच्या ऑफिसच्या माथ्यावर एक फ्लॅट उभा करून सजवून ठेवतो आणि बाकीची बिल्डिंग चित्रात दाखवतो. ही जागा आमची. आमचं घर होतं, मागं वाडी होती. माझे सासरे तुळशीराम, त्यांनी जायच्या आधी सही करून दिली. नवीन बिल्डिंगमध्ये दोन फ्लॅट मिळणार आणि तोपर्यंत बिल्डर भाडं भरणार, असं ठरलं. वर्षभर भाडं आलं, मग बंद झालं. सत्यजीत सर म्हणजे बिल्डरचा मुलगा, सगळा कारभार तोच बघतो. तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "भावेश, भाड्याच्या खोलीत कशाला कुजताय? सॅम्पल फ्लॅट रात्री रिकामाच असतो. तिथं राहा, एसी आहे."

एसी! चाटायचाय काय तो एसी? पण भावेश त्यांचीच गाडी चालवतो, स्टेशनवरून गिऱ्हाइकं घेऊन येतो. तो कसला नाय म्हणतोय. आला हसत हसत घरी आणि मला म्हणाला, "मनिषा, आपलं नशीब उघडलं."

उघडलं ते असं. आमची प्रांजल दुसरीत हाय. तिला इथं ठेवायचं नाय. मुलांच्या खोलीतली चादर चुरगळते, भिंतीला हात लागतात. सरांनी गोड आवाजात सांगितलं, "थोडे दिवस आजीकडे राहू दे ना." आता ती चिरनेरला माझ्या आईकडं असते, तिथल्याच शाळेत घातली. शनिवार-रविवारी तिला सुट्टी असते, आणि नेमके तेव्हाच इथं लोक जास्त येतात, मला हलता येत नाय. मधल्या वारी कधी गेले तर ती शाळेतून दमून आलेली असते, माझ्या मांडीवर डोकं ठेवते आणि एकच विचारते, "मम्मी, मी कधी येऊ?" काय सांगू तिला?

सरांचं म्हणणं असं की लोक फ्लॅट बघायला येतात, पण भुलतात बारीक वस्तूंना. "स्मॉल लक्झरीज, मनिषाताई. यात महाग काही नाही, पण बाईला वाटलं पाहिजे की मी इथे राहायला आले की माझं आयुष्य असं होईल." म्हणून हॉलमध्ये काड्या खोचलेली सुवासाची बाटली. टेबलावर सहा ताटल्या, कापडी रुमालांची फुलं करून ठेवलेली. ती फुलं मीच वळते. किचनमध्ये काचेच्या बरण्यांत रंगीत पास्ता. तो शिजवायचा नाय, बघायचा. ओव्हनमध्ये वाटीभर पाण्यात व्हॅनिला इसेन्स टाकून तापवायचं, म्हणजे आत्ताच केक काढल्यासारखा वास येतो. केक कुठाय? नाय. बिस्किटं हायत, ती मी लाकडी ट्रेमध्ये कॉफीबरोबर देते.

खोटं कशाला बोलू, त्यातलं काहीकाही मला आवडतं पण. ड्रेसिंग टेबलवर हिरव्या दगडाचा एक छोटा रोलर हाय, तोंडावर फिरवायचा. एकदा दुपारी कोणी नव्हतं तेव्हा मी तो गालावरून फिरवला. गार गार. डोळे मिटून उभी राहिले. एवढीशी वस्तू, पण बरं वाटलं हो. मग लगेच फडक्यानं पुसून जागेवर ठेवला, कारण त्याची जागा पण ठरलेली हाय.

आणि आमच्या सासूबाई, कमळाबाई. जिनं जन्मभर दहा-दहा पाव्हण्यांना भाकऱ्या थापून घातल्या, ती बाई लोक आले की मागच्या गॅलरीत स्टुलावर बसते, दार लावून. सासऱ्यांचा फोटो भिंतीला चालत नाय, तो कपाटात. सकाळी त्या कपाट उघडतात, नवऱ्याला हात जोडतात, कपाट लावतात. जेवण म्हणजे शेगडीवर खिचडी, वरणभात नायतर भाकरी. मासळी बंद. सर म्हणाले होते, "वास भिंतीत बसतो." चिमणी नुसती दाखवायला, तिला पाइपच नाय.

भावेशला मी किती वेळा म्हटलं, "अहो, सरांना सांगा, आमाला भाडं द्या, आमी खोली बघतो." तो म्हणायचा, "आता नको. बुकिंग झालं की काम चालू होईल, मग आपले फ्लॅट." मला फ्लॅट नको होता हो तेव्हा. एक खोली चालली असती, नळ बाहेर असला तरी. फक्त रात्री प्रांजल माझ्या कुशीत पाहिजे होती. एवढंच.

त्या रविवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "मनिषा, मना जरा सुकट भाज गो. जिभंला चवच नाय राहिली." त्यांच्या पेटीत तळाशी सुक्या मासळीची बांधून ठेवलेली पुडी होती, उरणच्या बाजारातली. मी म्हणणार होते, आई, वेड लागलंय काय? आणि तिथंच माझ्या डोक्यात आलं. आपण सांगून हे सोडत नायत ना? मग ह्यांनीच आपल्याला काढून टाकलं पाहिजे. करार हाय. आपण होऊन गेलो तर काय देणार नायत, पण बाहेर काढलं तर भाडं द्यावंच लागेल. सुकटीचा वास घेऊन मुंबईचे साहेब लोक नाक दाबून पळाले की सर संध्याकाळच्या आत आमचं बोचकं बाहेर ठेवतील.

"भाजते," मी म्हटलं. "सगळी भाजते."

व्हॅनिलाची वाटी मोरीत ओतली. शेगडी फुल केली, तव्यावर सुकट टाकली. वर कांदा, लसूण ठेचून, आमचा मसाला, चिंच. बाई गं, काय वास सुटला! हॉलमधली सुवासाची बाटली कुठल्या कुठे गेली. पडद्यांना, सोफ्याला, त्या कापडी फुलांना, सगळ्यांना वास. सासूबाई तिथंच ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि हसल्या. किती महिन्यांनी हसल्या असतील. मी पण हसले, दारात हसते तसं नाय, खरंखुरं.

तेवढ्यात बेल वाजली. भावेश गिऱ्हाईक घेऊन आला होता, मागून सर. दार उघडलं तसा भावेशचा चेहरा पांढरा पडला. सर आत पाऊल टाकता टाकता थबकले. त्यांच्याबरोबर एक जोडपं होतं, मुलुंडचं. उदयसिंह म्हणून साहेब आणि त्यांची बायको नीता. सरांनी माझ्याकडं असं बघितलं की तिथल्या तिथं जाळतील. मी मनात म्हटलं, जाळा. आज आमी सुटलो.

नीताताई मात्र दारातच थांबल्या. त्यांनी नाक दाबलं नाय. लांब श्वास घेतला.

"सुकट?" त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

"अहो उदय, सुकट! भाजलीय!" आणि पर्स सोफ्यावर टाकून त्या सरळ किचनमध्ये घुसल्या. झाकण काढलं, तव्यात वाकून बघितलं. मला म्हणाल्या, "माझं माहेर रेवदंड्याचं. एक घास देता?"

मी गारच पडले. सासूबाईंना कोण आनंद झाला! त्यांनी टेबलावरची शोभेची ताटली उचलली, सहांतली एक, आणि तिच्यावर सकाळची भाकरी आणि सुकट वाढली. सरांकडं बघितलं पण नाय. नीताताई उभ्या उभ्या खात होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग साहेबांनी पण खाल्ली. सर म्हणाले, "घ्या ना, आरामात बसून घ्या." आवाज कसा मधाचा झाला होता!

नीताताई मला हाताला धरून मागच्या गॅलरीत घेऊन गेल्या आणि दार ओढून घेतलं. "ताई, खरं सांगा. तुम्ही इथे राहता ना? हे नाटक नाही ना?"

"राहतो," मी म्हटलं.

"मग घेऊ का फ्लॅट? तुम्ही सांगा."

सरांनी मला बजावलं होतं, लोकांशी 'आहे-नाही' असं शुद्ध बोलायचं आणि कामाबद्दल काही बोलायचं नाय. पण त्या बाईनं माझ्या सासूच्या हातचं खाल्लं होतं. मला राहवलं नाय. मी म्हटलं, "ताई, नका घेऊ. ही जागा आमची हाय. घर पाडून किती दिवस झाले, आमचे फ्लॅट अजून चित्रातच हायत. माझी पोरगी चिरनेरला पडलीय. तुमचा पैसा अडकेल. माझं ऐका, खाली जा आणि गाडीत बसा."

त्यांनी कठड्यावरून वाकून बघितलं. खाली पाया घालायचं पायलिंगचं मशीन बंद पडून गंजत होतं, ते त्यांना दिसत होतं. मला वाटलं, झालं, समजलं यांना.

"माहितीये मला," त्या म्हणाल्या. "उशीर कुठे होत नाही? आम्ही अशी कितीतरी ठिकाणं बघून आलो. ताई, मुलुंडला आमच्या सोसायटीत मासे चालत नाहीत. मालक भाडेकरू ठेवतानाच लिहून घेतो. वर्षातून दोनदा मी बांगडे आणते, खिडक्या लावते, दाराखाली ओला टॉवेल खुपसते आणि चोरासारखी तळते. तरी खालची बाई वर येते आणि सगळ्यांसमोर बोलते. मुलासमोर. तो परवा विचारत होता, आई, आपण घाण खातो का?" त्यांनी आत किचनकडं बोट दाखवलं. "इथे तुम्ही सकाळी सकाळी, खिडक्या सताड उघड्या टाकून सुकट भाजताय. मला दुसरं काही नको. होऊ दे उशीर."

त्या बाईनं माझा हात दाबला आणि आत गेल्या. टोकनचा चेक टेबलावर, रुमालांच्या फुलांशेजारी लिहिला गेला. मला वाटत होतं ओरडावं. मी कॉफीचा ट्रे पुढं केला.

ते गेल्यावर मी शिव्यांची वाट बघत उभी राहिले. सरांनी टाळी वाजवली. "मनिषाताई, कमाल! हे आम्हाला सुचलं कसं नाही? व्हॅनिला बंद. कोकणातलं, मुंबईतलं मासे खाणारं पब्लिक, त्यांना हेच पाहिजे. यापुढे शनिवार-रविवार सुकट. आणि आजींना गॅलरीत नका बसवू, त्यांना ओट्यापाशी उभं करा. लुगडं नेसूनच. लोकांना खरं घर वाटलं पाहिजे."

"सर," मी म्हटलं, "आमाला इथून जायचंय. आमचं भाडं द्या, आमी जातो."

"जायचंय?" ते हसले. "आता तर तुम्हाला सोडणं शक्यच नाही. शेवटचा फ्लॅट विकेपर्यंत तुम्ही इथेच. भावेशचा पगार पण वाढवू." मग मुलांच्या खोलीकडं बघत म्हणाले, "तुमची मुलगी आहे ना? तिला आणा की. एक लहान मूल घरात वावरताना दिसलं तर अजून छान वाटेल."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी म्हटलं, "माझी पोर मी दाखवायला आणणार नाय." सासूबाई मागून म्हणाल्या, "नायच आणायची." सर खांदे उडवून निघून गेले. भावेश त्यांच्यामागोमाग गाडीची चावी घेऊन खाली उतरला.

मी तव्यात उरलेली सुकट खरवडत बसले. सासूबाईंना वाढली तर त्यांनी ताटली बाजूला सारली. म्हणाल्या, "मना नको. ती आता त्यांची झाली."

थोड्या वेळानं फोन वाजला. चिरनेरचा. भावेशनं खालूनच कळवून टाकलं होतं, मला न विचारता. माझ्या कानात प्रांजलचा आवाज आला, मागं माझी आई हसत होती.

"मम्मी! पप्पा म्हणाले मी येणार! आता तिकडंच राहणार! मी कपडे भरले. मम्मी, ऐकतेस ना? आजीनं मला मातीची चूल करून दिलीय, मी सगळी भातुकली घेऊन येते. आपण दोघी खेळू, रोज खेळू!"

नाय म्हणायला माझे ओठ उघडले होते. खरंच उघडले होते. पण किती महिन्यांत ती पोर अशी ओरडली नव्हती, आणि रात्री ती माझ्या कुशीत असणार होती.

"ये बाय," मी म्हटलं. "पण भातुकली नको आणूस. इथं मांडता येणार नाय."