तीनशे चाळीस मीटर उत्तरेला

जयदीपचा एक हेका होता: डोळ्यांवर विसंबू नये, यंत्रावर विसंबावं. नाशिकहून कुवेतला येऊन तेलाच्या कंत्राटदाराकडे सर्व्हे इंजिनिअर म्हणून अकरा वर्षं काढलेल्या माणसाला तो शोभूनही दिसत होता. तेरा वर्षांच्या जुईलीलाही त्याने हेच पढवलं होतं. बाबाचं जीपीएस म्हणजे तिच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ.

२००४च्या हिवाळ्यात बापलेकीला एक नवा नाद लागला. कुणी तरी डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे आणि इतरांनी जीपीएस घेऊन तो शोधायचा. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं. जुईलीची आई श्यामला याला रिकामटेकडा उद्योग म्हणायची आणि शुक्रवारी फिंतासच्या फ्लॅटमध्ये निवांत झोपायची.

दक्षिणेकडच्या शेतांपलीकडे उम्म सिद्रा नावाचं जेमतेम चाळीस घरांचं गाव होतं. तिथल्या निवृत्त शाळामास्तर यूसुफ यांनी गावात तीन डबे ठेवले होते. पहिले दोन मागच्या शुक्रवारी सापडले. विहिरीपाशी पहिला, आत चिठ्ठी, की या पाण्यावर गाव वसलं आणि ते खारट झालं तेव्हा अर्धं गाव उठून गेलं. दुसरा जुन्या भट्टीच्या भिंतीत. इराकी कब्जाचे सात महिने इथल्या भटारखान्याने रोज रोटी भाजली, असं त्यात लिहिलं होतं. तिसऱ्याचे आकडे दुसऱ्या डब्यात होते. ते जयदीपने आज सकाळी गाडीत बसून जीपीएसमध्ये भरले.

गावात पोचल्यावर जुईली जीपीएस घेऊन पुढे निघाली. जयदीप पाणी घ्यायला हमीदचाचांच्या बकाल्यात शिरला. हमीदचाचा श्रीवर्धनचे. पंचवीस वर्षं या गावात हे एवढंसं किराणा दुकान चालवत होते.

"आज तिसरा डबा का?" हमीदचाचांनी बाटल्या काउंटरवर ठेवल्या. "लांब जायला नको. माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीत हाय. मास्तरनं माझ्यासमोर ठेवला."

जयदीप हसला. "नाही हो चाचा, यंत्र उत्तरेला दाखवतंय. साडेतीनशे मीटर..."

बोलता बोलताच त्याला आठवलं. कंपनीचे जुने नकाशे वेगळ्या मोजमापावर काढलेले. कामाच्या दिवशी जीपीएस त्या मोजमापावर लावायचं आणि शुक्रवारी परत जगाच्या मोजमापावर आणायचं, हा त्याचा नेम. आज तो विसरला होता. त्या दोहोंत फरक होता तीनशे चाळीस मीटरचा, उत्तरेच्या अंगाला.

"पोरगी उत्तरेला गेली?" हमीदचाचांचा चेहरा पांढराफटक पडला. "तिकडं सुरुंग हायत अजून. सैन्यानं दोनदा साफ केलं, पण वाळू सरकते. तारेचं कुंपण कधीच वाळूखाली गेलं."

दोघेही धावत सुटले. शेवटच्या घरामागे जमीन उघडी होती, आणि सत्तर-ऐंशी पावलांवर जुईली मान खाली घालून चालत होती.

"जुईली, थांब. हलू नकोस."

"बाबा, फोर्टी मीटर्स मोअर," ती न थांबता म्हणाली.

जयदीपने पाऊल उचललं तसा हमीदचाचांनी त्याचा दंड धरला. त्या म्हाताऱ्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"तुम्ही गेलात तर ती तुमच्याकडं पळत येईल. इथनंच बोला."

"आकडा चुकलाय," जयदीप ओरडला. "मी चुकलो, जुई. यंत्र चुकीचं दाखवतंय. तुझ्या पायाखाली सुरुंग असू शकतात."

अकरा वर्षांत त्याने 'मी चुकलो' हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. जुईली जागच्या जागी थिजली. जयदीपला स्वतःची भयंकर चीड आली.

हमीदचाचा पुढे झाले. आवाज अगदी साधा, गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. "बेटी, आजूबाजूला बकऱ्यांच्या लेंड्या दिसतात का बघ. रेघ असेल."

"उजवीकडे," तिकडून उत्तर आलं. "तीन पावलांवर."

"त्या रोज त्याच वाटेनं जातात. त्या रेघेवर ये, मग घरापर्यंत रेघ सोडू नको."

"मधली तीन पावलं?" जयदीपने हलक्या आवाजात विचारलं. हमीदचाचांची नजर जुईलीच्या पायांवरच होती.

"जमिनीत बसलेले चपटे दगड दिसले तर त्यांच्यावरच पाय..." जयदीप सांगू लागला.

"बाबा, डोन्ट टॉक नाऊ."

तिने एक पाऊल टाकलं. थांबली. दुसरं टाकलं. तिसऱ्याला तिचा तोल गेला, हात पसरून तिने तो सावरला, आणि ती रेघेवर आली. मग ती सावकाश, लेंड्या तुडवत, त्याच्यापर्यंत पोचली. जयदीपने तिला इतकं घट्ट धरलं की ती कण्हली.

डबा खरोखरच दुकानामागे होता. आतली वही म्हणजे गावच्या शाळेची जुनी हजेरी निघाली: अरबी नावांची रांग, प्रत्येकापुढे मास्तरांच्या हातची हजेरीची खूण. मागच्या कोऱ्या पानांवर डबा शोधणाऱ्यांनी नावं लिहिली होती. एका नावापुढच्या खुणा मध्येच संपल्या होत्या. हमीदचाचांनी त्यावर बोट ठेवलं.

"ही मास्तरची लेक सुगरा. तेरा वर्षांची. एक्क्याण्णवला पळालेली घरं परत आली, त्या मे महिन्यात माझ्याकडनं शरबत घेऊन उत्तरेला निघाली. कब्जात मी इथंच होतो, इराकी सैनिकांना तिकडं सुरुंग पुरताना बघितलं होतं. सगळ्यांना सांगितलेलं पण होतं. पोर विसरली असेल. मी दारात उभा होतो. म्हटलं, परक्या मुलखातला दुकानवाला मी. यांच्या वयात आलेल्या पोरीला भर रस्त्यात हाक कशी मारू. हाक नाय मारली."

जुईलीने पेन घेऊन मागच्या पानावर आपलं नाव लिहिलं आणि पेन हमीदचाचांपुढे धरलं.

"दोन वर्षं हा डबा माझ्या भिंतीत हाय," ते म्हणाले. "मी कधी नाव नाय लिहिलं."

त्यांनी पेन घेतलं. स्वतःचं नाव आताही लिहिलं नाही. जुईलीच्या नावापुढे, मास्तर करायचे तशी, हजेरीची खूण केली.