जांभळ्यावर पोपटी

रेझिनचे फासे करायला मी मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले. नागपूर-पुण्याची पोरं खेळायला मागवतात. रंग निवडावा तर मीच, असं मला वाटायचं. माझं माहेर गोंदिया शहराला लागून, फुलचूरला. त्यामुळे आमगावच्या सासरी सगळ्यांचं मत एकच, या सुनेला चकचकीतपणाची हौस. खोटं कशाला बोलू, आहेच.

धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली की माझे सासरे डोमनलाल रोज दुपारी शेजारच्या बकारामकाकांच्या ओसरीवर लुडो खेळायला जात. त्या हिवाळ्यात ते जायचे बंद झाले आणि घरी बसून माझ्या भाजीतल्या मिठाला नावं ठेवू लागले.

"काऊन जात नाही, मामाजी?" शेवटी मी विचारलंच.

"कायले जाऊ? मले फाशावरचे टिपके दिसून नाही राहिले. माहा डाव बकाराम मोजून सांगते. मी का लहान लेकरू आहो?"

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही त्यांची नजर पुरती आली नव्हती, आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मिठाचा राग तिथेच गेला.

मी मोठ्या साच्यात गुलाबी फासा ओतला. आत सोनेरी चमकी, वर चंदेरी टिपके. मामाजींनी तो उन्हात धरून फिरवला. "बाई, हा फासा होय का बांगडी?"

मग पारदर्शक केला, आत झेंडूची पाकळी घालून. तो त्यांना चटईवर सापडलाच नाही. आता माझं डोकं फिरलं. "मग तुम्हीच सांगा रंग," म्हणत मी सगळ्या बाटल्या त्यांच्यापुढे आदळल्या.

त्यांनी एकेक बाटली डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. "हा जांभळा घे. त्याच्यावर टिपके पोपटी."

मी नाक मुरडलं. असा फासा माझ्याकडून कुणी फुकटही नेला नसता.

"आपल्या धानाच्या बांधीत करगा माजला होता, तवा मी जांभळ्या पानाचा धान लावलो होतो," ते म्हणाले. करगा म्हणजे रानटी धान. हिरव्या धानात तो हिरवा लपून बसतो, निंदणाऱ्या बायांना ओळखू येत नाही. "जांभळ्यात कसा लपंन? मी शेताच्या धुऱ्यावर उभा राहूनच सांगो, तो पाह्य, तो उपट."

तरी जांभळा ओतला. दुसऱ्या दिवशी साचा उघडला, टिपक्यांच्या खळग्यांत पोपटी रंग भरला आणि वाळल्यावर फासा त्यांच्यापुढे टाकला. ते वाकले. "चार," म्हणाले. चारच होते. फासा बंडीच्या खिशात घालून ते चहा न घेताच निघाले.

दिवेलागणीला परतले ते गुणगुणतच.

"जिंकले वाटते, मामाजी?"

"कायचा जिंकतो. दोन पडे, तीन पडे, फिरून दोन. एक गोटी घराबाहेर नाही निघाली." ते पाटावर बसले. "पण बकारामनं तोंड उघडाच्या आधी मीच सांगो. दोन."

त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली. मी चाखली तेव्हा कळलं, मीठ घालायचंच राहिलं होतं.