मागच्या पानांतली विहीण

माझी पाठ सुटली आहे, म्हणून मला उचलताना खालून हात लावा. एवढं सांगितलं की मी बोलायला मोकळा. मी एक शब्दकोश. इंग्रजी-स्पॅनिश, सातशे बत्तीस पानांचा, निळ्या पुठ्ठ्याचा. मुक्काम करंजाडे, पनवेल, तिसरा मजला.

मला दोन तोंडं आहेत. दोन तोंडांच्या माणसाला कोणी दारात उभं करत नाही, पण शब्दकोशाला ती असावीच लागतात. पुढच्या अर्ध्या भागात इंग्रजी शब्द आणि त्याला स्पॅनिश शब्द. मागच्या अर्ध्या भागात उलटं. आयुष्यभर लोकांनी माझं पुढचंच तोंड पाहिलं. ती पानं हाताळून हाताळून मळली, त्यांचे कोपरे दुमडले. मागची पानं मात्र छापखान्यातून निघाली तशीच करकरीत राहिली. मला याचं वाईट वाटायचं.

माझा पहिला मालक मुंबईतला एक विद्यार्थी होता. परीक्षा संपताच त्याने मला फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याकडे सोडलं. तिथून मला मोझेस आजोबांनी उचललं.

मोझेस पेणकर म्हणजे कोकणातले बेने इस्रायली, मराठी बोलणारे ज्यू. चाळीस वर्षं कचेरीत काढलेली, त्यामुळे पेन्सिलीला टोकही पट्टीने मोजून काढल्यासारखं. त्यांचा मुलगा डॅनियल नोकरीसाठी इस्रायलला गेला होता आणि त्याचं तिथेच आदिना नावाच्या मुलीशी लग्न ठरलं होतं. आदिना मूळची अर्जेंटिनाची. तिची आई राकेल अजून तिकडेच राहायची आणि तिला स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नव्हती.

मोझेस आजोबा बायकोला, म्हणजे बथशेबा आजींना म्हणाले, विहीणबाईंना त्यांच्या भाषेत चार ओळी गेल्या पाहिजेत. मग मला उघडून बसले. पहिलाच शब्द अडला. विहीण.

विहीण शोधायची तर आधी तिचं इंग्रजी करायला हवं. त्यांनी केलं, 'इन-लॉ'. त्या शब्दापुढे माझ्यात जे छापलं होतं, त्यावर त्यांनी पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि पत्राच्या डोक्यावर लिहिलं, 'एस्तिमादा परियेन्ते पोलितिका'.

शब्द चुकीचा नव्हता. अर्जात, वारसाच्या कागदात तो चालतो. पण दारात आलेल्या बाईला कोणी 'विवाहसंबंधाने झालेल्या नातेवाईक, या' असं म्हणत नाही. बथशेबा आजींनी चष्म्यातून वाकून पाहिलं आणि यात पॉलिटिक्स कुठून आलं, असं विचारलं. आजोबा म्हणाले, छापलेलं आहे. मला तोंडं दोन असूनही मी गप्प राहिलो.

लग्नाच्याच आठवड्यात आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोघांना जाता आलं नाही, विहीणभेट राहून गेली. राकेलबाईंचं उत्तर आलं ते तीन ओळींचं, टाइप केलेलं, कोरडं. पुढे सणावाराला फोनवर एक फुलांचं चित्र इकडून आणि एक तिकडून, एवढंच नातं उरलं.

वर्षभराने मोझेस आजोबा गेले. मी टीव्हीखालच्या कप्प्यात गेलो. शेजारी गुडघ्याचा पट्टा आणि संपलेले सेल.

यंदा डॅनियलला मुलगी झाली, आणि आजींचा नवस पुरा करायची वेळ आली. नातवंड झालं की पनवेलच्या घरात मलिदा करीन, असं त्या प्रेषित एलियाहू हन्नावीला बोलल्या होत्या. मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत साखर, ओलं खोबरं आणि वेलची घालून, भोवती फळं मांडून लावलेलं आभाराचं ताट. आजींचा हट्ट असा की बाळाच्या दोन्ही आज्या बसल्याशिवाय ते ताट लागणार नाही. लग्नात हुकलेली भेट त्यांना या ताटाजवळ भरून काढायची होती.

पण राकेलबाई येईनात. लेकीला त्या म्हणाल्या होत्या, ती माणसं फार शिष्ट दिसतात, मी तिथे अवघडून जाईन, तुम्हीच जाऊन या. डॅनियलने फोनवर हे जपून सांगितलं, पण आजींना जे कळायचं ते कळलं. तो म्हणाला, "मम्मी, तू तिला सरळ राकेल म्हण ना. इथे सगळे नावानेच बोलतात."

तळमजल्यावरच्या हौसाबाई तेव्हा वर गप्पा मारायला आल्या होत्या. त्या इथल्याच आगरी, तरुणपणी मिठागरात राबलेल्या. त्यांनी तिथूनच निकाल दिला, "इहिनीला नावानं हाक कोन मारतं? तिचा मान हाय तो."

सुनेला विचारावं, तर आजींना ते पटेना. तुझ्या आईला काय म्हणू, हे तिच्याच लेकीला विचारायचं म्हणजे आपल्याला रीत माहीत नाही असं कबूल करणं.

हौसाबाईंची नात समीक्षा रोज संध्याकाळी आजींच्या डोळ्यांत थेंब घालायला यायची. नववीतली मुलगी. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी. बोलायची कमी, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे; थेंबांच्या बाटलीवरची तारीख उलटून गेलेली तिलाच पहिल्यांदा दिसली होती. आजींनी तिच्याकडून फोनला विचारून पाहिलं. फोनने विहिणीला 'सुएग्रा' म्हटलं. समीक्षाने तो शब्द उलटा तपासला तर सासू निघाली.

"मी तिची सून कधी झाले?" आजी म्हणाल्या, आणि फोन पालथा ठेवला.

समीक्षाने कप्प्यातून मला काढलं, माझी सुटलेली पाठ पाहून खालून हात लावला, आणि मला खाली आपल्या घरी नेलं.

रविवारची दुपार होती. तिने आधी पुढची पानं चाळली आणि मोझेस आजोबांची पेन्सिलीची खूण तिला सापडली. मग मागे जाऊन त्या शब्दाचा अर्थ वाचला. पत्र का थंड पडलं, हे तिला कळलं असावं, कारण तिने त्या खुणेवरून अलगद बोट फिरवलं आणि पान मिटलं. खोडरबर शेजारीच होता. तिने तो उचलला नाही.

आणि मग तिने ते केलं, जे आजवर कोणी केलं नव्हतं. तिने मला पालथं घातलं आणि मागून वाचायला सुरुवात केली, गोष्टीचं पुस्तक वाचावं तसं, मागच्या भागाच्या 'ए'पासून. आजी सापडली, मानलेली मुलगी सापडली, पणजी सापडली. प्रत्येक नात्यापाशी ती थांबायची, वहीत लिहायची, पुढे जायची. माझी मागची पानं पहिल्यांदाच मळत होती, आणि मला ते आवडत होतं. 'सी'च्या मध्यावर तिचं बोट थांबलं.

कोन्सुएग्रा. पुढे इंग्रजीत अख्खी ओळ होती: आपल्या जावयाची किंवा सुनेची आई.

तिने ती ओळ तीनदा वाचली. पाणी प्यायली. मग मला छातीशी धरून वर आली.

"आजी, इंग्रजीत विहीण नाहीच," ती म्हणाली. "स्पॅनिशमध्ये आहे."

"नाही म्हणजे? मग ते इंग्रज लग्नं लावून भांडतात कोणाशी?"

समीक्षा हसली, पण मागे हटली नाही. तिने पान उघडून दाखवलं. आजींनी ओळ वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग जरा दबक्या आवाजात विचारलं, "तुला नक्की खात्री आहे ना गं? मागच्या वेळीही याच पुस्तकातून लिहिलं होतं."

वर्गात हात वर न करणाऱ्या त्या मुलीने या वेळी उत्तर अडवून ठेवलं नाही. "आजोबांनी नीटच शोधलं होतं," ती म्हणाली. "फक्त ते इंग्रजीतून गेले. मी मराठीतून गेले."

आजींनी कागद मागितला.

पत्र पाच ओळींचं झालं. एकेक शब्द समीक्षा शोधायची, आजी लिहायच्या. तू की तुम्ही, हा प्रश्न आला तेव्हा माझ्यात दोन्ही निघाले, आणि आजींनी अर्थातच तुम्ही घेतलं. वर लिहिलं, 'केरिदा कोन्सुएग्रा', प्रिय विहीणबाई. खाली लिहिलं, तुम्ही आल्याशिवाय ताट लागणार नाही. समीक्षाने कागदाचा फोटो काढून राकेलबाईंना पाठवला.

दोन दिवस काही आलं नाही. फोटो पाहिल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या दिसत होत्या. आजींनी विचारणं सोडलं आणि पोह्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवायला सांगितला. समीक्षाने तो ठेवला नाही. ओट्यावरच राहू दिला.

तिसऱ्या दिवशी फोनमधून एका बाईचा मोठा, भरलेला आवाज आला. ती रडत होती की हसत होती, कळेना. हौसाबाईंनी विचारलं, कोन भांडतंय? आजींना त्यातला एकच शब्द कळला, पण तो चार वेळा आला होता. त्यांनी डबा उघडून पोहे निवडायला घेतले.

राकेलबाई लेक, जावई आणि बाळासह आल्या त्या दिवशी मी टीपॉयवर होतो. आजी काठी टेकत दारापर्यंत गेल्या, विहिणीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि मग बेने इस्रायली रीतीने स्वतःची बोटं ओठांना लावली. राकेलबाईंनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. मोझेस आजोबांचं पत्र. आदिना सांगू लागली, ते आलं तेव्हा आईला वाटलं एखाद्या मंत्रालयातून आलंय. घाबरून तिने वकील भाच्याकडून उत्तर टाइप करून घेतलं.

समीक्षाने आजींकडे चोरून पाहिलं. आजी भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे बघत होत्या.

"मला लग्नाआधी पहिलं पत्र लिहिलं होतं," त्या म्हणाल्या, "त्यातसुद्धा खाली 'आपला विश्वासू' होतं."

आदिनाने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि राकेलबाई इतक्या हसल्या की बाळ जागं झालं. मग ताट लागलं. दोन्ही आज्या शेजारी शेजारी बसल्या.

निघायच्या आदल्या दिवशी राकेलबाईंनी समीक्षाला खुणेने विचारलं, तुमच्या भाषेत तो शब्द काय? समीक्षाने मला मागून उघडलं. आजींनी मोझेस आजोबांची पेन्सिल दिली. समासात, कोन्सुएग्राच्या शेजारी, तिने जपून अक्षरं काढली: विहीण. राकेलबाईंनी प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून ती गिरवली.

आता मी समीक्षाच्या दप्तरात असतो. माझ्या सातशे बत्तीस पानांत एक मराठी शब्द आहे. बाकीचे समास अजून मोकळे आहेत, आणि तुमच्या घरातही असे शब्द असतीलच, जे पुढच्या दाराने गेलं की सापडत नाहीत. तेव्हा मला पालथं घाला. मागचं दार उघडंच असतं.

फक्त खालून हात लावा.