चादरीचं दुसरं टोक

“हात वर नेऊ नकोस, मी वाकते,” लांबडी म्हणाली आणि नेहमीसारखी वाकली. पण आज तिचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता आणि चादरीचं तिच्याकडचं टोक सारखं निसटत होतं.

इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात घडी घालायला दोघी लागत. टोकं धरायची, ताणायची, चालत एकमेकींपाशी यायचं. दिवसभर इतक्यांदा समोरासमोर यावं लागे की भांडण झालं तरी अबोला धरायची सोय नव्हती. सगळे त्यांना लांबडी आणि बुटकी म्हणत. दोघी दोन वेगळ्या मुलखांतून पोटासाठी आलेल्या. इथली भाषा त्या एकमेकींच्या चुका काढत शिकल्या होत्या.

गेल्या आठवड्यात इस्त्रीच्या मोठ्या रुळाखाली लांबडीचा हात गेला. रुळापुढे एक दांडी असते, तिला हात लागला की यंत्र थांबतं. ते फार वेळा थांबतं म्हणून मुकादमाने दांडी चिंधीने बांधून टाकली होती. लांबडीला इस्पितळात नेईपर्यंत चिंधी गायब झाली आणि लांबडी बेफिकीर ठरली. बेफिकीर बाईला कामावरून काढतात, आणि काम गेलं की इथे राहायचा परवानाही जातो. परत जावं असं लांबडीचं तिकडे काही उरलं नव्हतं. होती ती एक लेक, आणि ती इथल्या शाळेत होती.

“आज साहेब निकाल सांगणार. तू मध्ये पडू नकोस,” लांबडी पुटपुटली. “तुझा परवानाही त्यांच्याच हातात आहे.”

बुटकीला हे सांगायची गरज नव्हती. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, हाच तिचा आजवरचा धर्म. पण काल तिची लेक शाळेतून ओठ सुजवून आली होती. लांबडीच्या लेकीच्या बोलण्याची नक्कल करणाऱ्या मुलींना ती आडवी गेली होती.

“तुला कशाला हव्यात गं नसत्या उठाठेवी?” बुटकीने जेवताना तिला विचारलं होतं.

“ती माझी मैत्रीण आहे.” मग ताटातलं चिवडत ती म्हणाली, “आई, तिच्या आईचा हात भाजला तेव्हा तू तिथेच होतीस ना?”

बुटकी स्वतःचं ताट उचलून मोरीकडे गेली होती.

दुपारी साहेब आले, मागून मुकादम. “दांडी व्यवस्थित आहे. चूक बाईंचीच,” साहेब म्हणाले. “उद्यापासून येऊ नका.”

लांबडी चादर धरून नुसती उभी राहिली.

“दांडी बांधलेली होती, साहेब.” बुटकीला स्वतःचाच आवाज परका वाटला. “मुकादमांनी बांधली होती. आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.”

“दोघी मैत्रिणी आहेत, बोलणारच,” मुकादम हसला.

साहेबांनी सगळीकडे नजर फिरवली. “आणखी कुणी पाहिलं?”

माना खाली गेल्या. प्रत्येकीच्या मागे एक परवाना होता, घरी एखादं पोर होतं. बुटकीला त्यांचा राग आला नाही. कालपर्यंत ती त्यांच्यातच होती.

“मग तुम्हीही येऊ नका,” साहेब म्हणाले आणि निघून गेले.

“काय करून बसलीस गं?” लांबडी म्हणाली. “माझं जायचंच होतं. तू तुझंही घर बुडवलंस.”

“हो,” बुटकी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. वाचवलं तर तिने कुणालाच नव्हतं. आता भाडं, शाळा, परवाना, सगळंच गेलं. पोरीला घेऊन कुठे जायचं, तिला काही सुचेना. एवढंच कळत होतं, की आज पोरीने विचारलं तर ताट उचलून पळावं लागणार नाही.

चादर अजून दोघींच्या हातात अर्धवट होती.

“एवढी होऊ दे,” लांबडी म्हणाली. तिने एक टोक डाव्या हातात घेतलं, दुसरं हनुवटीखाली दाबलं. बुटकी चालत तिच्यापाशी आली. लांबडीला वाकता येईना, म्हणून आज बुटकीने टाचा उंचावल्या.