मत्सराचा मळ

रविवारी सकाळी टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिन्यात चपलांचा खच पडला होता. खुर्च्या संपल्या म्हणून लोक खिडक्यांच्या कठड्यांवर बसले होते आणि झाडून सगळ्यांची तोंडं पांढऱ्या लेपाने माखलेली होती. बँकेतून निवृत्त झालेला मॅनेजर, त्याची बायको, दोन नर्सा, एक वकील, गल्लीतला शिंपी अशी चांगली शहाणीसुरती माणसं डोळे मिटून आपापले गाल चोळत होती. आणि त्या गालांवरून खरोखरच मळ निघत होता! करड्या, मऊ वळ्या टपटप मांडीवरच्या कागदावर पडत होत्या.

“घरून आंघोळ करून आलात ना?” समोरच्या उंच खुर्चीवरून निर्मळमाईंनी विचारलं.

“होऽऽ!”

“साबण लावला?”

“लावला!”

“मग हा मळ आला कुठून?”

“आतून!”

“कशाचा?”

“मत्सराचा!” सगळा हॉल एका सुरात ओरडला. शाळेत पाढे म्हणतानासुद्धा या मंडळींनी इतका जोर कधी लावला नसेल.

दारात उभ्या असलेल्या, गावातल्या ब्युटी पार्लरवालीने कपाळावर हात मारून घेतला.

निर्मळमाई आल्या कुठून, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. पांढरेशुभ्र कपडे, पांढरे हातमोजे आणि मधात बुडवून काढलेला आवाज, एवढ्या भांडवलावर बाईंनी गावातले चेहरे ताब्यात घेतले होते. पार्लर नको, डॉक्टर नको, घरच्या घरी रूप उजळा, फक्त ‘अंतःशुद्धी लेप’ घरी न्या आणि रोज चोळा, असं त्या सांगत. मळ निघायचा थांबला की समजायचं, मन निर्मळ झालं. तो थांबेपर्यंत डब्या घेत राहायच्या. ज्याच्या कागदावरचा ढीग लहान, त्याला पुढच्या रांगेत जागा मिळे. ज्याचा मोठा, तो मागे मान खाली घालून बसे.

लोक लबाड असतात. हलक्या हाताने चोळलं की वळ्या कमी पडतात, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. मॅनेजरसाहेब तर गालावरून बोटं अशी फिरवत, जणू झोपलेल्या मांजराला कुरवाळताहेत. म्हणजे मनातला मत्सर मनगटाच्या जोरावर ठरत होता! पण ही गोष्ट लक्षात येऊनही तिचा अर्थ मात्र एकाच्याही टाळक्यात शिरला नाही.

पार्लरवालीला एरवी या तमाशाशी काही देणंघेणं नव्हतं. पण आदल्या संध्याकाळी तिची भाची, धाकट्या बहिणीची बारकी, तोंडाला ओढणी गुंडाळून तिच्या घरी आली होती. मावशीने ओढणी सोडायला लावली. त्या वयात येतात तशा मुरमांच्या जागी आता दोन्ही गाल सोलवटून निघाले होते. एका डोळ्याखाली पू धरला होता.

“अगं, डॉक्टरांनी मलम दिलं होतं ना?”

“माईंनी बंद करायला लावलं. मलमाने मळ आत कोंडतो म्हणे.”

“आणि हे किती घासतेस?”

“सकाळ-संध्याकाळ. जोर लावून. बाकीचे फसवतात, मी नाही फसवत.” मुलीचे डोळे भरून आले. “तरी थांबतच नाही गं मावशी. माई म्हणाल्या, मला ताईचा मत्सर आहे. खरंय ते. मी आतून फार घाणेरडी आहे.”

गाल बरे झाले असते. पण हे शेवटचं वाक्य ऐकून मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोर प्रामाणिक, म्हणून तीच सगळ्यात जास्त पोळली होती. आणि बहिणीचा हेवा कुठल्या बहिणीला वाटत नाही? अंधारात दगड मारला तरी कुणाला तरी लागणारच. तो लागला की लोक म्हणतात, काय नेम आहे माईंचा!

म्हणून आज ती भाचीला न्यायला आली होती. बहीण आणि बारकी अगदी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या.

“ऊठ,” ती बहिणीला म्हणाली. “हिला आधी डॉक्टरकडे ने.”

“आक्का, हळू बोल,” बहीण कुजबुजली. “माई ऐकतील.”

माईंनी ऐकलंच. “पार्लरवाल्या ताई ना? या, पुढे या. गिऱ्हाइकं कमी झाली म्हणून राग आलाय. खरं ना?”

हॉल खसखसला.

“गिऱ्हाइकं गेली खड्ड्यात. या पोरीचं तोंड बघा.”

“तोंड नाही, आम्ही मन बघतो. तुमचंही बघू या. घाबरता?”

घाबरणं हा तिचा स्वभाव नव्हता आणि तिथेच ती फसली. माईंनी लाकडी चमच्याने तिच्या गालावर लेप ठेवला. तिने चोळला. पार्लरमध्ये दिवसभर इतरांच्या चेहऱ्यांना मालिश करणारी ती बोटं. त्यांच्या जोरापुढे लेपाच्या वळ्यांचा पाऊस पडला.

“बाई गं!” माईंनी डोळे मिटले. “एवढा मत्सर!”

लोक पोट धरून हसले. वकिलाने तर फोटो काढला. बारकीने मावशीकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मावशीचंही मन असलं निघाल्यावर आपली काय कथा, असंच तिला वाटलं असणार. तो अपमान पार्लरवालीने गिळला, पण भाचीची ती खाली गेलेली मान तिला गिळता येईना.

घरी न जाता ती थेट पार्लरमध्ये गेली. निघण्यापूर्वी सकाळी तिने चेहरा वाफ घेऊन, पुसून लख्ख केला होता. मग एवढा ढीग आला कुठून? हॉलमधून निघताना बहिणीच्या पिशवीतून उचललेली डबी तिने उघडली आणि वास घेतला. लिंबू. चांगलं आंबट, सोललेल्या कातडीवर आग पाडणारं. चिमूटभर लेप बोटावर घेऊन ती विचार करत राहिली आणि समोर आरसा होता म्हणून तिने तो आरशावरच चोळला.

आधी नुसतं बुळबुळीत लागलं. मग ते सुकायला लागलं आणि बोटाखाली करड्या, मऊ वळ्या गोळा व्हायला लागल्या.

तिने कपावर चोळला, वळ्या. खुर्चीच्या हातावर चोळला, वळ्या. केस सुकवायच्या मशीनच्या मुठीवर चोळला, तिथेही वळ्या. ती एकटीच मोठमोठ्याने हसली आणि मग रडकुंडीला आली, कारण एवढ्याशा गोष्टीपायी एक मुलगी स्वतःला घाण समजून आपली कातडी सोलत होती.

दुसऱ्या दिवशी तिने बहिणीला समजवायचा प्रयत्न केला. “तू जळतेस, आक्का,” एवढं बोलून बहिणीने फोन ठेवला. तेव्हा तिला कळलं की जिथे गाठ बसली तिथेच ती सोडवायला हवी.

पुढच्या रविवारी हॉल भरल्यावर ती सगळ्यांत आधी पुढे आली आणि हात जोडून उभी राहिली. “माई, माझे डोळे उघडले. आज आणखी एकाला शुद्ध करून घ्यायला आणलंय.”

माईंचा चेहरा खुलला. “आण ना. कुठे आहे?”

तिने पिशवीतून हातभर आरसा काढला, सगळ्यांसमोर स्वच्छ कापडाने पुसला, त्यावर लेप लावला आणि मॅनेजरसाहेबांच्या मांडीवर ठेवला. “चोळा साहेब. जरा माणसासारखा जोर लावा.”

साहेबांनी चोळला. वळ्या पडल्या. हॉलमध्ये कुजबुज झाली.

“आता हा आरसा कुणाचा मत्सर करतो, माई? शेजारच्या कपाटाचा?”

कुणीतरी फिसकन हसलं. पण माई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “आरशात रोज कोण बघतं? तूच ना? तुझीच नजर त्याला चिकटली आहे.”

आणि काय सांगावं, लोकांनी माना डोलावल्या! “खरं आहे,” मॅनेजरची बायको म्हणाली. “नजर चिकटते.” जन्मभर हिशेब तपासलेल्या माणसाची ही बायको. आरशाला मत्सर होऊ शकतो हे तिला पटलं, पण लेपात काही असेल हे पटेना.

 पार्लरवालीची नजर माईंच्या हातमोज्यांवर गेली. “बरं. मग असं करू. इथे खरं निर्मळ मन एकच आहे. माईंनी आपल्या हाताला लेप लावावा. वळी पडणार नाही. मी सगळ्यांसमोर त्यांचे पाय धरीन आणि पार्लरला कुलूप लावीन.”

माईंनी हात मागे घेतला. “आम्ही स्वतःची परीक्षा देत नसतो.”

इथे गंमत झाली. शत्रूंपासून माईंनी स्वतःला वाचवलं असतं, पण भक्तांपासून कोण वाचवणार? मॅनेजरसाहेब भक्तिभावाने उभे राहिले. “माई, होऊन जाऊ द्या! एकदाचं हिचं तोंड बंद होईल.”

“होऊन जाऊ द्या!” सगळा हॉल गरजला. दोन्ही नर्सांनी प्रेमाने माईंचे मोजे उतरवले, शिंप्याने लेप लावला आणि भाबडेपणाच्या भरात तोच चोळायलाही लागला.

माईंच्या मनगटावरून जी वळी निघाली, ती त्या हॉलमधली आजवरची सगळ्यात जाड वळी होती.

 माईंनी डोळे मिटले, एक उसासा सोडला आणि मधाळ आवाजात म्हणाल्या, “बाळांनो, हा माझा मळ नाही. तुमचा आहे. तो मी माझ्या अंगावर घेतला.”

अर्ध्या हॉलने सुटकेचा श्वास टाकला. एका बाईने तर डोळे पुसले. पार्लरवालीला वाटलं, संपलं. या लोकांपुढे डोकं फोडून काही उपयोग नाही.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून बारकी उठली. तिने ओढणी सोडली. सगळ्यांना तिचे गाल दिसले.

“मग माझा का नाही घेतलात?” तिने विचारलं.

माई उतरवलेले मोजे पुन्हा चढवू लागल्या.

“तुम्हाला घेता येतो ना? मी रोज घासत होते. रात्री उशीला तोंड लागलं तरी आग व्हायची. मी तुमच्यासमोर रडले होते, माई. तेव्हा का नाही घेतलात?”

त्या पोरीला वाद घालायचा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं आणि म्हणूनच त्या प्रश्नाला माईंच्या पोतडीत उत्तर सापडेना. बारकीची आई जागेवरून उठली. तिने पिशवीतली डबी काढून माईंच्या खुर्चीपुढे आपटली आणि मुलीला जवळ ओढलं.

मग कुणाच्या सांगण्याची वाट कशाला? शिंप्याने लेप खुर्चीला फासला, वकिलाने मोबाइलच्या पाठीवर, एकाने पुढच्या माणसाच्या टकलावर. सगळीकडे मत्सर! भिंतीला मत्सर, विजेच्या बटणाला मत्सर.

“हा चिकट जेल आहे,” पार्लरवाली खुर्चीवर चढून ओरडली. “बोटावर डिंक सुकला आणि तुम्ही तो चोळलात तर काय होतं? वळ्या होतात. तेच हे. ओला असतो तोवर पांढरा, सुकून वळला की बोटांचा घाम आणि धूळ टिपून करडा. जितकं चोळाल तितक्या वळ्या. जन्मभर चोळा, थांबणार नाहीत. त्यात वर लिंबू पिळलंय, म्हणून कातडी जळते!”

“तूही क्रीमच विकतेस की!” माई पहिल्यांदाच बिनमधाच्या आवाजात ओरडल्या.

“विकते. पण गिऱ्हाइकाला पापी म्हणत नाही. आणि फोड आला तर डॉक्टरकडे धाडते.”

गोंधळात माई मागच्या जिन्याने कधी निसटल्या, ते कळलं नाही. मॅनेजरसाहेब नंतर सगळ्यांना सांगत होते, “मला आधीपासूनच संशय होता.” अशा माणसांना आधीपासून सगळाच संशय असतो, फक्त तोंड लेपाने भरलेलं असतं.

बारकीला डॉक्टरांनी औषध दिलं. गालांना काही चोळायचं नाही, नुसतं पाणी आणि मलम, अशी ताकीद दिली. एके दिवशी पार्लरच्या बाकावर बसून ती म्हणाली, “मावशी, पण मला ताईचा हेवा खरंच वाटला होता.”

“वाटला असेल. मला त्या समोरच्या पार्लरचा रोज वाटतो. जेवण गोड लागतंच ना मला?”

बारकी हसली. गाल ताणले म्हणून तिला दुखलं, तरी हसली.

तेव्हा बाबांनो आणि बायांनो, एवढंच ऐका. चेहऱ्याला पाणी आणि सौम्य साबण पुरतो. जे त्याने बरं होत नाही त्यासाठी डॉक्टर आहेत. हेवा, राग, लोभ हे सगळ्यांनाच असतात, पण ते कातडीतून पाझरत नाहीत. उद्या कुणी तुमच्या आतली घाण काढून दाखवायला आला, तर तुमच्या पोरांच्या गालाला हात लावू देण्याआधी ती वस्तू भिंतीवर चोळून बघा. भिंतीला दुखत नाही. पोरांना दुखतं, आणि ती बिचारी तुमच्यावर विश्वास ठेवून घासत राहतात.