दोन डाव्या बाह्या

मास्तरांनी दोन्ही बाह्या टेबलावर शेजारी-शेजारी पसरल्या, हाताने सुरकुत्या काढल्या आणि चष्मा नीट केला. उगाच. चष्म्याशिवायही दिसत होतं. दोन्ही बाह्या डाव्याच होत्या.

"शिवायला घेतल्या तेव्हा कळलं," शिलाईचे कारागीर म्हणाले. "उजवी निघतच नाही."

कापड राखाडी लोकरीचं, एकाच बाजूने लव असलेलं. उलटं फिरवून वेळ मारून नेण्यातलं नव्हे. कोट एका चेलो वाजवणाऱ्याचा, आणि तो पाच वाजता ट्रायलला येणार होता.

कापड बेतणाऱ्याला या दुकानात मास्तर म्हणतात. या मास्तर बाई होत्या, एकोणसत्तर वर्षांच्या. एकेचाळीस वर्षं या टेबलापाशी उभं राहून त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. हातांनी दिला नव्हता.

लेक काउंटरवरून उठून आली. तीही बेतायची, आईच्याच हाताखाली शिकलेली. बाह्या पाहून तिचा चेहरा पडला. ती चिडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"आई, मी म्हणत होते ना."

"काय म्हणत होतीस?"

"तो रिपोर्ट."

रिपोर्ट आठ दिवसांपूर्वी टपालाने आला होता. मास्तरांच्या धाकट्या बहिणीला स्वतःच्या घराची वाट सापडेना, तेव्हापासून लेकीने तपासणीचा धोशा लावला होता, म्हणून मास्तर एकदाच्या दवाखान्यात जाऊन नळीत थुंकून आल्या होत्या. माणसाकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. उतारवयात स्मरणशक्ती खालावण्याची शक्यता वाढवणारा एक प्रकार मास्तरांच्या दोन्ही प्रतींत निघाला. ही शक्यता आहे, खात्री नव्हे, असंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तिथल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत मास्तरांनी पंधरापैकी चौदा शब्द धडाधड परत म्हणून दाखवले होते, आणि पंधरावा मला आवडला नाही, असं वर ऐकवून आल्या होत्या. पण लेकीच्या डोक्यात शक्यता हा शब्द काही टिकला नाही.

"यापुढे बेतायचं मी बघते," लेक म्हणाली. तिने टेबलावरची मोठी कात्री उचलून पोटाशी धरली. "तू गिऱ्हाइकांशी बोल. कापड निवडून दे. लोक तुझ्यासाठीच येतात."

"म्हणजे दारात शोभेला बसू."

"असं म्हटलं का मी?"

"मग कसं म्हटलंस?"

लेकीचे डोळे भरून आले होते. मास्तरांनी नजर बाह्यांकडे वळवली. बाहीच्या गोलाईवर, खांद्याशी जुळवायच्या जागी, खडूने खूण करावी लागते. मास्तर तिथे छोटी रेघ मारायच्या. लेक फुली मारायची, पहिल्या दिवसापासून.

दोन्ही बाह्यांवर फुली होती.

मंगळवारी मास्तर बहिणीकडे गेल्या होत्या. त्या दिवशी लेकीने शाळेचे अकरा कोट बेतले, आणि त्याच घाईत या बाह्याही उरकल्या असणार. तिला ते आता आठवत नव्हतं. कारागिरांनी मात्र फुली पाहिली होती. ते तोंड उघडणार तोच मास्तरांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की ते मुकाट्याने सुई ओवायला लागले.

एक वाक्य बोललं की कात्री परत हातात आली असती. अगदी ओठावर आलं होतं. एरवी मास्तर कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हेत.

पण रिपोर्टाची पानं तीन होती आणि लेकीने दोनच वाचली होती. पाकीट मास्तरांनी आधी फोडलं होतं. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, की ज्याच्या दोन्ही प्रती या प्रकारच्या, त्याच्या प्रत्येक मुलाकडे त्यातली एक जातेच. हे मास्तरांना कुणी समजावून सांगायला नको होतं. कपाटातले दोन्ही तागे राखाडी असले, तर कोणताही फाडा, राखाडीच निघणार. त्याच दुपारी त्या पानाचा त्यांनी खिशाच्या झाकणाचा साचा कापला आणि इतर साच्यांत खिळ्याला अडकवून टाकला. स्वतःची दोन पानं वाचताना त्या घाबरल्या नव्हत्या. तिसऱ्याला घाबरल्या. चव्वेचाळिसाव्या वर्षापासून पोरीने हरवलेल्या प्रत्येक किल्लीत आपली मावशी शोधत बसावं, हे त्यांना मान्य नव्हतं.

मास्तरांनी ब्रश घेतला आणि बाह्या झटकल्या. एकदा, दोनदा. फुल्या गेल्या.

"चुकल्या माझ्या," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांपूर्वीही अशाच चुकल्या होत्या. तेव्हा कुणी माझी थुंकी तपासायला नेली नव्हती. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, आपण नवं कापड आणलं, संपला विषय."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"चूक हीच होती. तू तेव्हा नुसती चूक बघितलीस. आता तुला त्यात आणखी काहीतरी दिसतंय."

लेकीने कात्री पोटाशी आणखी घट्ट धरली.

"डोकं जायचं असेल तर जाईल. मी त्याची वाट बघत दारात बसणार नाही. कात्री कुठून धरायची हे ज्या दिवशी कळणार नाही, त्या दिवशी तूच काढून घे, मी हूं की चूं करणार नाही. आज नाही. आण इकडे."

लेकीने कात्री टेबलावर ठेवली, मूठ आईकडे करून.

उरलेला तुकडा वीतभर कमी वाटत होता. मास्तरांनी लवेवरून हात फिरवला, साचा एकदा इकडे, एकदा तिकडे सरकवून पाहिला, शेवटी एका कोपऱ्यात असा बसवला की कडेला बोटभर जागा उरली. मग त्यांनी कात्री घातली ती बाहीच्या मनगटापर्यंत जाऊनच थांबली. उजवी बाही सुटून आली. लेकीने श्वास सोडलेला कारागिरांनाही ऐकू आला.

मास्तरांनी उजवी बाही डावीशेजारी ठेवली, खडू घेतला आणि दोन्हींच्या गोलाईवर खूण केली.

लेक वाकून बघत होती. "तू फुली कधीपासून मारायला लागलीस?"

"आजपासून," मास्तर म्हणाल्या. "आता दोघींची खूण एकच."

कारागिरांनी मान वर न करता बाह्या उचलल्या आणि मशीन सुरू केलं.