ओल्या पोत्यांचा निरोप

माझे यजमान डासांच्या फवारणीच्या टोळीचे मुकादम होते. त्यांच्या सदऱ्याला रॉकेलचा आणि औषधाचा वास यायचा. लोक नाक मुरडायचे. मला तो वास आला की घर भरल्यासारखं वाटायचं.

वन्सं, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून एकट्या राहायच्या. परसात मधमाश्यांच्या नऊ पेट्या. त्यांवर त्यांचं पोट आणि त्यांवरच जीव. फवारणी एरवी ऊन उतरल्यावर, माश्या पेटीत परतल्यावर व्हायची. त्या वर्षी तापाची साथ आली आणि सकाळचीही फेरी सुरू झाली. ज्यांच्याकडे मधमाश्या असत त्यांना कचेरीतून आदल्या दिवशी चिठ्ठी जायची. मग उजाडायच्या आत पेट्यांची दारं बंद करून वर ओली पोती टाकली की भागायचं. पण सख्ख्या बहिणीला चिठ्ठी कसली द्यायची, म्हणून यजमान तोंडी निरोप माझ्याबरोबर धाडायचे.

त्या दुपारी मी निरोप घेऊनच गेले होते. मध न्यायला दोन शेजारणी आल्या होत्या. मला फाटकात पाहून वन्सं त्यांना म्हणाल्या, "दादाच्या धुरानं सगळे डास पळाले, पण आमच्या वहिनी काही हलल्या नाहीत."

शेजारणी हसल्या. मीही हसले. चहा प्यायले, कप विसळून ठेवला आणि घरी आले. सांगितलंस ना, असं यजमानांनी जेवताना विचारलं. मी हो म्हटलं.

सकाळी धुराचं यंत्र त्या गल्लीतून गेलं. यंत्राच्या आवाजात वन्संची हाक कुणाला ऐकू गेली नाही. मी पोचले तेव्हा अंगणभर माश्या पाठीवर पडून गरगरत होत्या. चिमण्या त्या टिपायला उतरत होत्या आणि वन्सं सुपलीत माश्या भरता भरता चिमण्यांना हाकलत होत्या. विष पोटात जाईल म्हणून. दिवसभर हाकलत राहिल्या.

बहीणभाऊ दोघं एका मुशीतले, मानी. यजमान मला म्हणाले, सांगूनही पोती टाकली नाहीत तिनं; तिला एवढंच सांग, आता भोग. वन्सं म्हणाल्या, दादाला सांगा, माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. हे निरोप मात्र मी शब्दही न गाळता पोचवले.

सव्वीस वर्षं दोघं बोलली नाहीत. पेट्या वन्संनी पुन्हा ठेवल्या नाहीत.

यजमान गेले त्याच्या चौथ्या दिवशी वन्सं आल्या. खुंटीवरच्या सदऱ्याकडे बघत बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, खरं सांगा. तेव्हा दादानं निरोप धाडला होता का हो?"

एका शब्दात त्यांचा भाऊ त्यांना परत मिळाला असता.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. चहा प्यायल्या, कप विसळून ठेवला आणि गेल्या.